मागीलदारची ओली जागा

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यात आम्ही गावाला निघालो, तेव्हा पिशवीत आयेसाठी सुती लुगडे होते, गुडघ्याला चोळायचे मलम होते आणि आतल्या खिशात तीस हजार रुपये होते. हे पैसे आम्ही वर्षभर थोडे थोडे करून बाजूला टाकले होते. घरामागची ओली जागा भराव टाकून बुजवायची आणि वर सिमेंटचा कोबा घालायचा, असा आमचा बेत होता.

बेत उगाच ठरलेला नव्हता. ऑगस्टमध्ये आये मागीलदारी शेवाळावरून घसरून पडली. उजव्या हाताचे मनगट मोडले. वय सत्तरीच्या पुढचे आणि घरात एकटी. शेजारच्या काकींनी तिला उचलून बसवले, दवाखान्यात नेले, म्हणून निभावले. आम्ही फोनवर म्हटले, "आये, आता ती जागा तशी ठेवायची नाही." ती एवढेच म्हणाली, "आधी या. मंग बघू."

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको आणि नववीत शिकणारी आमची मुलगी. गावाला जाणे म्हणजे सुट्टी जुळवणे, रजेचा पगार कापून घेणे आणि परत येताना तांदूळ, कोकम, कुळीथ बांधून आणणे. फुलांसाठी कोणी गावाला जात नाही, आम्हीही गेलो नव्हतो. पण या खेपेस जे पाहिले, ते आपल्या वाचक बंधू-भगिनींना सांगावेसे वाटले, म्हणून हा लेख.

रस्त्याच्या कडेची फुले

गणपतीची गर्दी ओसरली होती. मध्यरात्रीच्या सुमारास दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस आम्ही पकडली. चिपळूणला उतरलो तेव्हा अंधार होता. स्टेशनाबाहेर चहा घेतला आणि उजाडल्यावर रिक्षा करून निघालो. गाव वाशिष्ठीच्या काठाला आहे.

चिपळूण तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सप्टेंबरात रस्त्याच्या कडेच्या दरडी अजून पाझरत असतात. वर झाडांची सावली, खाली झिरपणारे पाणी. अशा जागी काय उगवणार, असे आपल्याला वाटते. पण त्या दरडींवर इतकी फुले होती की मुलीने रिक्षा थांबवायला लावली.

तिथे पेव फुलला होता. पुरुषभर उंच झाड. पाने खोडाभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेलेली. टोकाला तांबडे बोंड आणि त्या बोंडातून बाहेर आलेले एक-दोन पांढरे फूल, कागदासारखे चुरगळलेले. बोंडात फुले पुष्कळ असतात, पण ती एकदम उमलत नाहीत. आज एक, उद्या दुसरे, असे महिनाभर चालते. पेवाच्या पायाशी तेरडा आणि तेरड्याच्या खाली नेचे.

मुलगी म्हणाली, "बाबा, यांना पाणी कोण घालतं?"

रिक्षावाले काका हसले. म्हणाले, "बाय, पानी घालनारा वर बसलाय ढगात. आनि मे महिन्यात ये, इथं एक काडी दिसायची नाय."

त्यांचे हे बोलणे तेव्हा आम्ही हसण्यावारी नेले. त्याचा अर्थ पुढे मे महिन्यात कळला.

पूर गेला, कंद राहिले

आमच्या वाडीची जागा मूळचीच सखल. गावाच्या वरच्या अंगाला पडलेले पाणी उतरत उतरत आमच्या परड्यात येते. ही जागा आमच्या वाडवडिलांनी स्वतः निवडलेली नव्हती, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जी मिळाली ती त्यांनी कसली, तिथे घर बांधले, फणस लावला, रातांबा लावला. ती झाडे आता एवढी मोठी झाली आहेत की घराच्या मागे दुपारी दोन-तीन तासच ऊन पडते. पावसाळ्यात जमीन सतत ओली. लहानपणी त्या जागेला आम्ही "चिखलवाडी" म्हणायचो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला महापूर आला. चिपळूण शहर पाण्याखाली गेले. आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. आये शेजाऱ्यांबरोबर वरच्या शाळेत जाऊन राहिली. पाणी ओसरले तेव्हा घरात आणि परड्यात वीतभर गाळ साचला होता. धान्य गेले, गोधड्या गेल्या, टीव्ही गेला, कागदपत्रे भिजली. त्या वेळी फुलझाडांकडे पाहायला कोणाला सवड होती? आम्ही मुंबईहून जाऊन घर धुतले, पत्रे बसवून दिले आणि परत आलो.

पण आयेने पाहिले होते. ती सांगत होती, "गुलाब मेला. मोगरा मेला. जास्वंद उपटून गेली. अबोली सगळी सडली. मी म्हटलं, संपलं. मंग गाळ सुकायला लागला नि महिन्याभरात एका जागी भेग पडली. भेगेतनं कर्दळीचं पान वर आलं, गुंडाळलेलं. मी त्या पानासंगं बोलले, तुला सांगते. म्हटलं, तू हायस व्हय अजून!"

सोनटक्क्याची जुनी ताटे गाळात झोपली होती. तीही त्याच भादव्यात नव्या कोंबांनी उठली. पेव मात्र त्या वर्षी दिसला नाही. तो दुसऱ्या वर्षीच्या पावसात आला. आयेने एकही झाड नव्याने विकत आणले नाही. अबोलीचे बी तेवढे मावशीच्या घरून आणून टाकले.

याचे कारण साधे आहे. गुलाब, मोगरा, जास्वंद यांचा जीव वर असतो. मुळांना हवा मिळाली नाही, चार दिवस पाणी साचले, की मुळे कुजतात आणि झाड जाते. कर्दळ, सोनटक्का, पेव यांचा जीव जमिनीखालच्या आडव्या खोडात असतो. आले, हळद आपण रोज पाहतो, तसेच ते खोड. सोनटक्का तर आल्याच्याच कुळातला. त्या खोडात वर्षभराचे अन्न साठवलेले असते. वरचे सगळे गेले तरी खालच्या डोळ्यातून नवा कोंब निघतो. ओल्या जागेत राहायचे म्हणून या झाडांनी केलेली ही तजवीज आहे.

आयेबरोबर परड्यातून फेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी आये आम्हाला मागीलदारी घेऊन गेली. प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात काठी. पुढे ती, मागे आम्ही.

न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडते, तिथे कर्दळ. तांबडी आणि पिवळी. कर्दळ मूळची अमेरिका खंडातली, पण आपल्याकडे ती इतकी रुजली की परकी वाटत नाही. तिला सांडपाणी चालते. नुसते चालते असे नव्हे, ते पाणी ती पिऊन टाकते. म्हणूनच आपल्या जुन्या लोकांनी कर्दळ नेहमी मोरीच्या तोंडाशी लावली. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी आजचे इंजिनियर लोक खडी-वाळूचे वाफे करून त्यांत कर्दळ लावतात. तेच काम आमच्या न्हाणीमागे दोन पिढ्या चालू होते. कर्दळीला थोडी सावली चालते, पण ऊन जितके जास्त तितकी फुले जास्त. बी काळे, गोल आणि छऱ्यासारखे कडक असते. लहानपणी आम्ही ते डबीत घालून खुळखुळा करायचो.

कर्दळीच्या पलीकडे, फणसाच्या सावलीच्या कडेला, सोनटक्का. छातीएवढी ताटे, टोकाला पांढरी फुले. फूल संध्याकाळी उमलते, म्हणून वास रात्री घरभर येतो. मूळ ठिकाण पूर्व हिमालयाच्या बाजूचे. तिकडून तो जगभर गेला. क्युबा या देशाने तर त्याला आपले राष्ट्रीय फूल केले आहे. सोनटक्क्याला ओल हवी, पाचोळ्याचे खत हवे आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा. आमच्या परड्यात हे तिन्ही फुकट मिळत होते.

त्याच्या मागे, अगदी दाट सावलीत, पेव. रस्त्यावर पाहिला तोच. त्याच्या बाजूला रानहळद. तिची गुलाबी कणसे दुरून फुलांसारखी दिसतात. खरे फूल पिवळे आणि लहान असते, ते कणसाच्या पाकळ्यांतून डोकावते.

अबोली मात्र या ओळीत नव्हती. ती घराच्या जोत्याला लागून, थोड्या उंच मातीत होती. आये म्हणाली, "तिला ओल पायजे, पन पाय बुडलेले नाय चालत." अबोलीचे हे अगदी बरोबर वर्णन आहे. तिला अर्धी सावली मानवते, जवळजवळ बारा महिने ती फुलते, पण मुळाशी पाणी साचले की मरते. फुलाला वास नाही, तरी वेणीत ते दिवसभर टवटवीत राहते. मुलीला आयेने एक गंमत दाखवली. अबोलीची वाळलेली बोंडे तळहातावर घेऊन त्यांवर पाण्याचे दोन थेंब टाकले. क्षणभराने टच् टच् आवाज करीत बोंडे फुटली आणि बिया उडाल्या. पावसाचा थेंब पडला की बी उडते आणि ओल्या मातीत पडते. मुलीने मग सगळी बोंडे संपवली.

कुंपणाजवळ गेल्यावर आयेने मुलीचा हात मागे ओढला. तिथे कळलावी चढली होती. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले, पानांच्या टोकांचे आकडे करून कुडाला धरलेली. दिसायला सगळ्यात सुंदर तीच. पण तिचा कंद जहरी आहे. त्यात कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते, पोटात गेले तर माणूस दगावतो. कंद नांगराच्या आकाराचा असतो आणि रानातल्या खाण्याच्या कंदांबरोबर त्याची चूक होऊ शकते. आये म्हणाली, "बघायची, हात नाय लावायचा." लहान मुले, गुरे असलेल्या घरात ती लावू नये, असेच आम्हीही सांगू.

फेरी संपली तेव्हा आमच्या लक्षात आले की आमची "चिखलवाडी" कुठेच नव्हती. जिथे जेवढी ओल, तिथे तेवढी ओल सोसणारे झाड, असे सगळे लावलेले होते. कोणी पुस्तक वाचून लावलेले नव्हते. झाड लावायचे, मेले तर दुसरीकडे न्यायचे, जगले तर तिथेच ठेवायचे, असे करीत पन्नास वर्षांत ते जमले होते.

गवंडी काय म्हणाला

तरी आमचा बेत कायम होता. फुले चांगली, पण आयेचे मनगट त्याहून महत्त्वाचे. दुपारी गवंडी आला. त्याने फीत धरून जागा मापली, उतार पाहिला आणि विडी विझवून म्हणाला, "कोबा घालतो मी. माझं काय जातंय? पन वरनं येनारं पानी जानार कुठं? आता जमिनीत मुरतंय. कोब्यावर नाय मुरनार. सरळ तुमच्या भिंतीला लागंल."

आम्ही गप्प बसलो. हे आमच्या डोक्यात आलेच नव्हते. कोबा घातला असता तर शेवाळ गेले नसते, ते सिमेंटवरही धरते. उलट पाणी घराच्या जोत्याशी आले असते. आणि खालचे सगळे कंद कायमचे गाडले गेले असते. पुरातून जे वाचले, ते आम्ही आमच्या पैशाने मारले असते.

आये इतका वेळ दारात बसून ऐकत होती. आता ती बोलली. "मी पडले ते फुलांमुळं नाय पडले. चालायला वाट नाय म्हनून पडले. मला वाट करून द्या."

ऐकायला किती सोपे! पण आम्हा मुंबईकरांना ते सुचले नव्हते. आम्ही जागाच बुजवायला निघालो होतो.

मग तसेच ठरले. मागीलदारापासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून विहिरीपर्यंत जांभ्या दगडाचे खडबडीत चिरे बसवले, दोन चिऱ्यांमध्ये पाणी मुरायला फट ठेवली. वाटेच्या एका बाजूला लोखंडी पाइपाचा कठडा केला. न्हाणीपुढे बादली ठेवण्यापुरता लहानसा कोबा केला, त्याचा उतार कर्दळीकडे काढून दिला. दारावर दिवा लावला. चार दिवसांत काम झाले आणि तीस हजारांतले बारा हजार उरले. ते आयेच्या औषधपाण्यासाठी ठेवले.

निघताना आम्ही म्हटले, "आये, सोनटक्क्याचे दोन कंद दे. मुंबईला लावतो."

ती म्हणाली, "आता नाय. फुलावर हाय. पोटुशी बाई कोन घराबाहेर काढतं? उन्हाळ्यात ये, तेव्हा देते."

मे महिन्यातले रिकामे परडे

२०२५ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. मागीलदार उघडले आणि मुलगी ओरडली, "आजी, सगळं मेलं!"

खरेच तसे दिसत होते. पेवाचा मागमूस नव्हता. रानहळद नाही, कळलावी नाही. सोनटक्क्याची दोन-चार वाळकी ताटे. तडकलेली माती आणि फणसाचा पाचोळा. रिक्षावाले काका म्हणाले होते तसे, एक काडी नाही. फक्त फणसाच्या बुंध्याशी जमिनीतून सरळ वर आलेली चार फुले होती. ना पान, ना देठ. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये जांभळा डाग, मंद वास. तो भुईचाफा. त्याला फूल आधी येते, उन्हाळ्यात, आणि पाने मागून येतात, पावसात.

आये काठी टेकीत त्या रिकाम्या जमिनीवरून चालू लागली. "हितं सोनटक्का. हितनं हितपर्यंत. हितं पेव. हितं पाय ठेवू नको, रानहळद हाय. हितं कळलावी, कुदळ मारायची नाय." डोळ्यांना काही दिसत नव्हते आणि ती बोट दाखवून सांगत होती. एके ठिकाणी आम्ही कुदळीने माती उकरली. बरोबर तिथे, चार बोटे खाली, सोनटक्क्याचे जाड आडवे खोड निघाले, बाजूला गुलाबी डोळे फुटलेले.

तेव्हा आमच्या मनात जे आले, ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. हा सगळा नकाशा एकट्या आयेच्या डोक्यात आहे. ती नसेल तेव्हा एखाद्या उन्हाळ्यात आपण इथे येऊ, जमीन रिकामी पाहू आणि म्हणू, इथे काहीच नाही, घाला कोबा. गेल्या सप्टेंबरात आम्ही जवळजवळ तेच करायला आलो होतो, तेही समोर फुले फुललेली असताना.

मुलीने वही काढली. पानभर चौकोन आखून तिने फणस, रातांबा, न्हाणी, विहीर, चिऱ्यांची वाट अशा खुणा केल्या आणि आजी सांगेल तसे प्रत्येक झाड त्यात लिहिले. बाजूला महिने लिहिले. भुईचाफा उन्हाळ्यात, पेव, कळलावी आणि रानहळद पावसात, सोनटक्का पाऊस सरता सरता, अबोली आणि कर्दळ बहुतेक वर्षभर. आयेला वाचता येत नाही. पण वही हातात घेऊन तिने एकेका चौकोनावर बोट ठेवले आणि मुलीकडून वाचून घेतले. एक चूक निघाली. भुईचाफा दोन ठिकाणी आहे, मुलीने एकच लिहिला होता.

आमची हाऊसगल्ली

आम्ही राहतो त्या मुंबईच्या इमारतीच्या मागे पाच फूट रुंदीची हाऊसगल्ली आहे. दोन्ही बाजूंना भिंती, ऊन दोन तास, एका नळाच्या जोडातून कायम ओल. लोक वरून कचरा टाकत. तिथे आम्ही पूर्वी दोनदा गुलाब लावून पाहिला होता, दोन्ही वेळा गेला. मोगरा जगला, पण फुलला नाही. त्यालाही ऊन लागते. आम्ही म्हणायचो, ही जागाच करंटी.

या वेळी आम्ही शेजाऱ्यांच्या मदतीने आधी कचरा काढला, नळाचा जोड दुरुस्त करून घेतला आणि भिंतीपासून फूटभर जागा सोडून वाफा केला. भिंतीला चिकटून माती टाकू नये, ओल घरात उतरते. मातीत शेणखत आणि वाळका पाचोळा मिसळला. सोनटक्क्याचे कंद दोन-तीन डोळे राहतील असे तोडून, डोळे वर करून, तीन बोटे खोल आणि हात-दीड हात अंतरावर लावले. पाणी बाहेर पडते तिथे कर्दळ. कोरड्या, उंच कोपऱ्यात अबोलीचे बी.

त्या वर्षी पाऊस फार लवकर आला. २६ मे २०२५ रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. कंद लावून तीन आठवडेही झाले नव्हते. आम्हाला धास्ती वाटली. एका कोपऱ्यात पाणी तुंबले आणि तिथली अबोलीची रोपे कुजली. आयेने सांगितलेले "पाय बुडलेले नाय चालत" आम्ही विसरलो होतो. पण सोनटक्का आणि कर्दळ यांनी त्या पावसात जोर धरला. जूनच्या मध्यावर कोंब गुडघ्यापर्यंत आले. शेजारचे काका म्हणत, "हळद लावलीत की काय?"

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी जिना चढताना वास आला. आमच्या आधी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना तो कळला. त्या खिडकीतून ओरडल्या, "अहो, मागे फूल आलंय!" सगळे मजले खिडक्यांत आले. ज्या गल्लीकडे नाक धरून पाहायचे, तिथून वास येत होता. मुलीने पहिले फूल घरातल्या बुद्धमूर्तीपुढे ठेवले आणि आजीला फोन लावला. आये पलीकडून म्हणाली, "एकच? माझ्याकडं चाळीस हायेत." पण आवाजावरून ती खूश होती हे कळत होते.

आता वरून कचरा पडत नाही. फलक लावून जे झाले नव्हते, ते फुलाने केले.

जाता जाता

आपल्यापैकी कित्येकांची घरे अशीच आहेत. चाळीची मागची बाजू, झोपडीशेजारची मोरी, इमारतीची सावली, गावाकडचे सखल परडे. ऊन नाही, ओल आहे, म्हणून आपण ती जागा वाया गेली असे समजतो. जागा वाया जात नाही, तिथे आपण चुकीचे झाड लावलेले असते. जिथे पाणी वाहते तिथे कर्दळ, सावलीत ओल असेल तर सोनटक्का किंवा पेव, ओल असून पाणी साचत नसेल तर अबोली, मोठ्या झाडाच्या बुंध्याशी भुईचाफा. एकदा लावले की दरवर्षी तेच उगवते, पुन्हा रोप विकत घ्यावे लागत नाही. तीन-चार वर्षांनी कंद दाटले की खणून अर्धे शेजाऱ्याला द्यावेत. त्याने आपलेही झाड सुधारते.

दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. एक, ओल आणि डबके यांत फरक आहे. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डास होतात आणि डेंग्यू घरात येतो. कुंडीखालची बशी, पडलेला डबा, टायर दर आठवड्याला रिकामे करावेत. दुसरे, सोनटक्क्याचे जास्तीचे कंद ओढ्यात किंवा नाल्यात फेकू नयेत. तो पाण्याकाठी पसरून बाकीची झाडे दाबतो. परदेशात काही ठिकाणी त्याने असा उपद्रव केला आहे.

आणि तिसरी गोष्ट झाडांची नाही. गावाकडे आपली आये, आजी, आत्या असेल, तर या उन्हाळ्यात जाताना एक वही न्यावी. तिला परड्यातून फिरू द्यावे आणि ती बोट दाखवील तिथे खूण करून घ्यावी. जमिनीत काय आहे ते वरून दिसत नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांना विचारून घेण्याची हीच वेळ आहे.

आयेचे मनगट आता बरे आहे. थंडीत थोडे दुखते. चिऱ्यांच्या वाटेवरून ती कठड्याला न धरता चालते, असे काकी सांगतात. आम्ही रागावलो तर म्हणते, "कठडा तुमच्यासाठी हाय. तुमाला सवय नाय ना."